भवानी पेठेंतील खटखट आणि मोटारीचा वेग

सोलापूर म्हटलें कीं मराठी घरांत पहिली आठवण होते ती चादरीची. लग्नांत आहेर म्हणून आलेली, जाड विणीची, ठळक रंगांची ती चादर पाहुण्यांसाठीं माळ्यावरून उतरते आणि दोन पिढ्यांनीं पांघरली तरी फाटावयाचें नांव घेत नाहीं. परंतु याच शहरांत मोटारीच्या इंजिनाचा एक अत्यंत मर्माचा अवयव घडतो आणि तो सातासमुद्रांपलीकडे जातो, ही गोष्ट सोलापुराबाहेर फार थोड्यांस ठाऊक असते. वेगवान मोटारींचें वेड आज घरोघरच्या तरुणांस आहे. तो वेग कोठें जन्मतो हें पाहावयाचें असल्यास वाचकांनीं आमच्याबरोबर प्रथम भवानी पेठेंत यावें.

नांव भवानीचें आणि व्यवसाय सुताचा, अशी ही पेठ आहे. अरुंद गल्ल्या, दारांतून दिसणारे सुताचे गठ्ठे, आणि सकाळपासून कानीं पडणारी यंत्रमागांची खटखट. तेलंगणांतून पिढ्यांपूर्वीं येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांमुळें सोलापूरच्या या बाजूस तेलुगु व मराठी या दोन्ही भाषा एकाच ओट्यावर ऐकूं येतात, आणि मधूनच कानडीही. १८७७ सालीं येथें पहिली सूतगिरणी निघाली. तिच्या मागून आणखी गिरण्या आल्या, भोंग्यांवर शहराचें घड्याळ चालूं लागलें, आणि पुढें ते भोंगे एकामागून एक बंदही पडले. गिरण्या गेल्या तरी माग टिकले, ते या पेठांतून.

एका मागापाशीं आम्ही उभे असतां तेथील जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, खालीं वांकून कांहीं जुळवीत होता. आम्ही फिरत्या चाकाकडे पाहत आहों हें पाहून तो म्हणाला, “काका, चाकाकडं काय बघता? ह्याचं नाक बघा. नाक झिजलं की धोटा पेटीत जात न्हाई.” त्यानें दाखविला तो मागाच्या खालच्या दांड्यावरील लोखंडी उंचवटा. वरच्या क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास फणी एकदां पुढें येऊन आडवें सूत ठोकते. वरच्या दांड्याचे दोन फेरे होतात तेव्हां खालच्याचा एक होतो. त्याच्या दोन टोकांस असे दोन उंचवटे: एक आला कीं धोटा डावीकडून उजवीकडे सुटतो, दुसरा आला कीं उलट. उंचवटा झिजला तर धोटा ताण्यांत अडकतो आणि शेंकडों धागे एकदम तुटतात. इंग्रजींत या उंचवट्यास कॅम म्हणतात.

आतां मोटारीचें झांकण उघडून पाहूं. साध्या पेट्रोल इंजिनाचें काम चार टप्प्यांचें: मिश्रण आंत ओढणें, दाबणें, पेटविणें आणि धूर बाहेर टाकणें. एवढ्यांत क्रँकचे दोन फेरे होतात. पण प्रत्येक झडप मात्र एकदांच उघडावयाची असते. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर अर्ध्या गतीनें फिरतो. भवानी पेठेंतील मागाच्या खालच्या दांड्याचें गणित आणि हें गणित एकच! भेद आहे तो वेगाचा. इंजिन मिनिटास ६००० फेरे करूं लागलें कीं प्रत्येक झडप सेकंदास ५० वेळां उघडते आणि मिटते.

इंजिनाचा स्वभाव ठरतो तो या उंचवट्याच्या वळणावर. झडप किती उंच उचलावी, किती वेळ उघडी ठेवावी, आणि धुराची झडप मिटण्यापूर्वींच मिश्रणाची किती आधीं उघडावी, हें सारें त्या वळणांत लिहिलेलें असतें. दोन्ही झडपा उघड्या असण्याचा काळ वाढविला तर अतिवेगांत बाहेर धांवणारा धूर आपल्या मागोमाग ताजें मिश्रण ओढून घेतो आणि शक्ति वाढते. मात्र तेंच इंजिन चौकांत उभें राहिलें कीं धूर उलट आंत शिरतो; इंजिन धापा टाकतें आणि बंद पडतें. शर्यतीच्या धांवपट्टीवर असें इंजिन शोभतें. बाजारांत भाजी आणावयास जाणाऱ्या मोटारींत नव्हे. १९१२ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्यें पहिल्या आलेल्या प्यूजो मोटारीच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट होते. शर्यतीच्या इंजिनांस पुढें तोच आदर्श झाला. १९८९ सालीं होंडा कंपनीनें एकाच दांड्यावर संथ व वेगवान अशीं दोन्ही वळणें बसवून १.६ लिटरच्या इंजिनांतून १६० अश्वशक्ति काढली. तेथें पट्टी आणि रस्ता प्रथमच एका घरांत नांदूं लागले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सोलापुरांत हा दांडा घडविण्याचा उद्योग यतीन शहा यांनीं १९९२ सालीं ‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’ या नांवानें उभारला. त्याचे कारखाने अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत व पुणे रस्त्यावरील चिंचोळी येथें निघाले. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती सुझुकी अशा कंपन्यांस येथून माल गेला, आणि २०१६ सालीं कंपनीचे भाग शेअर बाजारांत आले. तिकडे होटगी रस्त्यावर किर्लोस्करांच्या ओतशाळेंत इंजिनांचे ब्लॉक व हेड ओतले जातात. म्हणजे चादरीच्या या गांवीं इंजिनाचा सांगाडाही घडतो आणि नाडीही.

बिडाचा कॅमशाफ्ट ओतण्याची युक्ति गृहिणींस विशेष पटेल. कारण पाक गोठविण्यांत त्यांस जें कळतें तेंच येथें आहे. साच्यांत जेथें उंचवट्याचें नाक यावयाचें तेथें लोखंडाचे थंड तुकडे बसवितात. तापलेला रस त्यांस टेकतांच झटकन् गोठतो. त्यांतील कार्बनास ग्राफाइट होऊन वेगळें पडण्यास अवसर मिळत नाहीं. तो लोखंडाशींच संयोग पावतो आणि तेवढा भाग कांचेसारखा कठीण होतो. उरलेला दांडा सावकाश निवतो व लेथवर कापतां येईल इतका मऊ राहतो. एकाच ओतींत एक अंग कठीण आणि दुसरें सौम्य! मग प्रत्येक उंचवटा घासून त्याचें वळण साधावयाचें. तेथील मोजमाप मायक्रॉनचें, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याचें.

हे दांडे प्रामुख्यानें शर्यतीचे नव्हेत, घरगुती मोटारींचे आहेत. यांत कमीपणा कोणीं मानूं नये. शर्यतीचें इंजिन पुनःपुन्हां खोलून तपासलें जातें. घरच्या मोटारीचा कॅमशाफ्ट मात्र कोणीही न पाहतां लाखों किलोमीटर झिजत राहतो. एकत्र कुटुंबांतील एखादा पुतण्या हल्लीं मोटारीचा सायलेन्सर बदलून गल्ली दणाणून सोडतो आणि त्यासच इंजिन बांधणें समजतो. त्यास रागें भरण्यापेक्षां एकदां ओतशाळा दाखवावी. गाडी नोंदणीविरुद्ध बदलणें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें निषिद्ध आहे. आणि वेगाची हौसच असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें व कोइमतूरास त्यासाठीं पट्ट्या बांधलेल्या आहेत.

एक काळजी मात्र मनांतून जात नाहीं. विजेवर चालणाऱ्या मोटारीस झडपा नाहींत, म्हणून कॅमशाफ्टही नाहीं. ती मोटार जसजशी घरोघर येईल तसतसें या शहरांतील ओतारी, घासकाम करणारे आणि मापारी यांच्या हातांस काम काय उरेल? कारखानदारांनीं हें आधींच ओळखलें होतें, असें दिसतें. २०१८ सालीं प्रिसिजननें विजेचे ट्रक बांधणाऱ्या एका डच कंपनींत मोठा हिस्सा घेतला. पण हिस्सा विकत घेतां येतो. हातांतील कसब नव्या कामास वळविण्यास वर्षें लागतात.

भवानी पेठेनें हा अनुभव एकदां घेतला आहे. नव्या रेपिअर मागांत धोटा नाहीं, म्हणून धोटा फेकणारा उंचवटाही नाहीं. जे जॉबर केवळ त्या उंचवट्याची झीज ओळखत होते ते मागें पडले. ज्यांस लोखंड, वळण आणि वेळ यांचें नातें समजलें होतें त्यांस नव्या मागाचें कुलूपही उघडतां आलें. म्हणून आपल्या मुलांस आपण मोटार चालविणें शिकवितों, तसें एकदां सोलापुरास नेऊन हें नातेंही दाखवावें. तुळजापूर किंवा अक्कलकोट यांच्या यात्रेंत तें एका सकाळीं सहज साधण्यासारखें आहे. कारखान्यांत परवानगीवांचून जातां येणार नाहीं. पण भवानी पेठेंतील मागाचें दार बहुधा उघडेंच असतें.