भिंत अर्ध्यावर का थांबली

गोठ्याच्या भिंती छपराला का टेकलेल्या नाहीत, याचं कारण लहानपणी मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं: चिरे संपले असणार, नाहीतर पैसे. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत तेव्हा दोन्हींची वानवाच असायची. त्या हातभर फटीतून म्हशीची शिंगं दिसत आणि पेंढ्याचा वास खळ्यापर्यंत येई.

पुढे मुंबईत ड्राफ्ट्समन झालो. ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारायच्या, चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची. मग ऑटोकॅड आलं आणि खरवडणंही संपलं. किती भिंती काढल्या देव जाणे. एकीलाही हात लावला नाही. साइटवर जायचो तो इस्त्रीचा शर्ट घालून.

निवृत्तीनंतर गावी आलो तेव्हा गोठ्याचं जोतं शाबूत होतं, छप्पर बसलं होतं. गवंडी वयाने माझ्या मुलाएवढा. "काका, तुम्ही फक्त ओळंबा धरा," म्हणाला. पण मला चिरे उचलायचे होते. जांभ्याचा एक चिरा पंचवीस-तीस किलोचा. खाणीतून ताजा निघालेला मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. शिवाय भिंतीत बसवण्याआधी त्याला पोटभर पाणी पाजावं लागतं, नाहीतर तो मालातलं पाणी शोषतो. हे मी इतकी वर्षं स्पेसिफिकेशनमध्ये टाइप केलेलं पाहत होतो.

जुनी जमीन धुतली आणि पाणी आपसूक मागच्या घळीकडे धावलं, तिथून माडाच्या आळ्यात. उतार इतका हलका की पायाला कळू नये, गायीचा खूर घसरू नये. दार पूर्वेला, नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस मागच्या भिंतीवर. आणि ती फट! पावसाळ्यात बंद गोठ्यात मुताच्या वाफेने डोळे चुरचुरतात. ती वाफ वर चढून तिथून निघून जाते. पागोळ्या बाहेरच पडाव्यात म्हणून वासे लांब काढलेले. आजोबांनी भिंत थांबवली होती, ती संपली नव्हती. ऑफिसात यालाच व्हेंटिलेशन म्हणून आम्ही खिडक्यांच्या खुणा करत बसायचो.

छपराला मंगलोरी कौलंच घातली. पत्रा स्वस्त पडतो, पण उन्हाळ्यात त्याखाली गुरं भाजतात. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात सुरू केलेल्या कारखान्यापासून हे कौल किनाऱ्यावर पसरलं. रिपांमधलं अंतर सुतार टेपने घेत नाही, कौलच टेकवून बघतो. मला ते फार आवडलं.

येणारा-जाणारा विचारतो, होमस्टे का? सध्या गावात गोठे बांधत नाहीत, असलेल्यांत मोटारसायकली ठेवतात. "अहो, पण गाय कुठाय?" हिचा प्रश्न रास्त आहे. मला कोकण कपिला हवी आहे. 2018 मध्ये तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, वाडीत ती आधीपासून होतीच. अंगाने लहान. छापील पुस्तकातल्या मापाची गव्हाण तिला उंच होईल, असं गवंड्याला सांगितलं तर त्याने हात थांबवला आणि विचारलं, मग माप काय?

टेप घेऊन शेजाऱ्याच्या गोठ्यात गेलो. तो हसला, पण गाय धरून उभा राहिला.