पट लिहिणारी माणसं

पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातल्या नया गावच्या पटुआंवरचा एक बंगाली लेख काही वर्षांपूर्वी मी मराठीत आणला. ही मंडळी आपल्या कामाला ‘पट लेखा’ म्हणतात, म्हणजे पट लिहिणं. मी ते तसंच ठेवलं. संपादकांनी मात्र सगळीकडे ‘लिहितो’ खोडून ‘रंगवतो’ केलं. समासात शेरा होता : चित्र लिहीत नाहीत, बोलीतली चूक सुधारली आहे.

चूक कुणाची, हा प्रश्न मला सोडवेना. बिहारमध्ये मिथिलेच्या बायका लग्नघरात कोहबर काढतात आणि त्या कामाला ‘लिखिया’ म्हणतात. गुजरातेत छोटा उदेपूरकडच्या राठवांच्या घरात पिठोरा काढणारा ‘लखारा’ असतो. त्यानं लिहिलेलं बडवा वाचून दाखवतो. राजस्थानात भोपा रात्री दिव्याच्या उजेडात पाबूजीची फड ‘बांचतो’. त्या फडीवरची चित्रं कथेच्या क्रमानं नसतातच. कोणती आकृती केव्हा उजेडात आणायची, हे भोप्याला ठाऊक असतं. इतकी दूरदूरची माणसं एकाच क्रियापदावर येतात, तेव्हा त्याला बोलीतली चूक कसं म्हणायचं?

संस्कृतातला ‘लिख्’ मुळात ओरखडण्याचा, रेघ ओढण्याचा. मेघदूतातला यक्ष शिळेवर गेरूनं प्रियेचं चित्र काढतो, तिथेही क्रियापद याच धातूचं आहे. उषेला अनिरुद्ध ओळखता यावा म्हणून राजपुत्रांची चित्रं काढणारी सखी, तिचं तर नावच चित्रलेखा. अक्षर आणि चित्र यांची वाटणी नंतरची आहे. त्या वाटणीत लेखक एका बाजूला गेला आणि कारागीर दुसऱ्या.

माझा आग्रह होता तो यासाठी. नयाचे पटुआ चित्रकार हेच आडनाव लावतात. बहुतेक मुसलमान आहेत, आणि मनसा, बेहुला, रामकथा गातात. कागद जोडून लांब पट करायचा, टिकावा म्हणून मागून जुन्या साडीचं कापड चिकटवायचं, मग एकेक चौकट उलगडत, तिच्यावर बोट ठेवत गाणं म्हणायचं. सुनामी आली तेव्हा त्यांनी सुनामीचा पट केला, गाणंही रचलं. घडलेलं निवडायचं, क्रम लावायचा, त्याला शब्द द्यायचे, यालाच आपण लेखन म्हणतो. ‘रंगवतो’ म्हटलं की त्यातला हातच तेवढा उरतो.

बरीच पत्रापत्री झाली. शेवटी ‘लिहितो’ छापलं गेलं, पण एकेरी अवतरणात, पंगतीतून उठवून वेगळं बसवल्यासारखं. ते चिन्ह काढून घेण्याइतकं माझं वजन नव्हतं. त्यानंतरच्या अनुवादांत मी हा शब्द चिन्हाविना लिहिते, आणि टीप देत नाही.

खरं तर मराठीला हे नवं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी सुटे कागद पाठीला पाठ लावून चिकटवतात, एकेक चित्र समोर धरून कथा सांगतात. एका आख्यानाच्या अशा गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. ती पोथी आपण कधी दुरुस्त केली नाही. मग पटुआचं लिहिणंही तसंच राहू द्यावं.