जुना ड्रायव्हर

धनत्रयोदशीला लोक सोने घेतात. आमच्या चिरंजिवांनी नांदेडहून ग्राफिक्स कार्ड आणले. हिंगोलीत आमचा फोटोंचा स्टुडिओ आहे. हल्ली लग्नात फोटोंपेक्षा व्हिडिओचे काम जास्त, आणि तो कातरायला-जोडायला संगणकाच्या अंगात बळ लागते. तुळशीच्या लग्नानंतर तिथी सुरू होण्याआधी एक राहिलेली फिल्म पुरी करायची होती.

चिरंजीव बाजारात गेले तेवढ्यात मी संगणक बंद केला, पेचकस घेतला आणि जुने कार्ड काढून नवे बसवले. चाळीस वर्षे कॅमेरे उघडणाऱ्या हाताला त्यात काय अवघड! पडद्याची केबल नव्या कार्डाला लावली. चित्र आलेही, पण दर दोन मिनिटांनी नवरीचे तोंड थिजायचे आणि पडदा काळा पडायचा.

"अण्णा, जुना ड्रायव्हर काढला होता का?" चिरंजिवांनी आल्या आल्या विचारले.

ड्रायव्हर म्हटला की मला एस. टी.चा ठाऊक. हा ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यातला दुभाषी. जुने कार्ड एका कंपनीचे, नवे दुसरीचे. आणि पहिल्याचा दुभाषी अजून बैठक मारून नव्याच्या बोलण्यात तोंड घालतो आहे! मला हे लगेच पटले. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तरी कितीतरी दिवस मी सवयीने पत्रावर 'जि. परभणी'च लिहीत होतो. (एनव्हिडियाचे 'जीफोर्स २५६' हे कार्डही त्याच वर्षीचे, असे चिरंजीव सांगतात.)

नव्या कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून उतरवून ठेवला आणि मग त्यांनी इंटरनेटची वायर उपसली. नाहीतर विंडोज मध्येच आपल्या मनाने एखादा आणून बसवते. संगणक सेफ मोडमध्ये सुरू केला, आणि 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाच्या केरसुणीने जुन्याचे कानेकोपरे झाडले. दोन्ही कार्डे एकाच कंपनीची असती तर एवढे सोवळे बहुधा लागले नसते. पुन्हा सुरू केल्यावर अक्षरे फळ्यावरच्यासारखी ढोबळ दिसू लागली. माझ्या पोटात गोळा आला.

"फिल्म गेली का रे?"

"फिल्म डिस्कवर आहे, अण्णा. हा नुसता कामचलाऊ ड्रायव्हर आहे."

मग नवा बसवला. नवरी हसली आणि न थिजता पुढे गेली.

मी मागे उभा होतो. "तो हाराचा तुकडा जरा लांबव." चिरंजीव काही बोलले नाहीत. तुकडा मात्र लांबवला. दुकान त्यांच्या नावावर करून तीन वर्षे झाली. या तीन वर्षांत मी मागून हात घातला नाही अशी एक फिल्म नसेल.

इतक्यात पासपोर्ट फोटोसाठी कोणी आले. माझा हात कॅमेऱ्याकडे गेला. तो मागे घेऊन मी तेलाची बाटली उचलली आणि पणत्या लावायला ओट्यावर गेलो.