स्वस्त घराचा हिशोब

डोंबिवली पूर्वेला आम्ही भाड्याने राहत होतो. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालक भाडं वाढवणार की घर खाली करायला सांगणार, ही धास्ती दर वर्षी असायची. मुलगी चौथीत गेली तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, आता स्वतःचं घर बघायचं. डोंबिवलीत आमच्या पगारात बसेल असं काही मिळेना. कल्याणच्या पुढे सरकलं की मिळत होतं. म्हणून बदलापूर.

माझं ऑफिस दादरला, नवऱ्याची नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत. म्हणजे बदलापूरला गेल्यावर त्याचा प्रवास कमी होणार होता आणि माझा वाढणार होता. घर दोघांचं असलं तरी स्वस्ताईची किंमत रोज कोण भरणार हे इथेच दिसत होतं. आम्ही निर्णय घेतला तो याच प्रश्नाला धरून.

पहिलं घर मनात भरलं ते एका नव्या संकुलातलं. दोन बेडरूम, बाल्कनीतून डोंगर, खाली बाग आणि व्यायामशाळा. किंमत 42 लाख. सासूबाई आमच्याबरोबर राहतात. त्यांना स्वतंत्र खोली मिळेल, मुलीला अभ्यासाला जागा होईल, या विचाराने माझाही जीव त्या सॅम्पल फ्लॅटमध्ये अडकला. विक्री कार्यालयातला मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, आजच बुकिंग करा, पुढच्या आठवड्यात रेट वाढतोय.’’ आम्ही प्रकल्पाचा महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक लिहून घेतला आणि घरी आलो.

त्या क्रमांकावरून महारेराच्या संकेतस्थळावर बरंच काही समजतं. जमिनीच्या मालकीचे कागद, मंजूर नकाशे, जमिनीवर कर्ज आहे का, किती फ्लॅट विकले गेले, ताबा कधी द्यायचा आहे. या प्रकल्पाची ताब्याची तारीख एकदा पुढे गेलेली होती. कार्पेट एरियाही (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) तिथे स्पष्ट दिला होता आणि माहितीपत्रकात छापलेल्या आकड्यापेक्षा तो बराच कमी होता. 2017 च्या मेपासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला. विक्री कार्पेट एरियावर करायची, आणि करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, असं तो कायदा सांगतो. हे माहीत असलं की ‘आजच बुकिंग करा’ या घाईला शांतपणे उत्तर देता येतं.

मग खर्चाचा कागद मागवला. 42 लाखांवर पार्किंग, विकास शुल्क आणि इतर आकारणी धरून रक्कम साडेपंचेचाळीस लाखांवर जात होती. बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घराला जीएसटी 1 टक्का लागतो, पण त्यासाठी मुंबई महानगर प्रदेशात कार्पेट 60 चौरस मीटरच्या आत आणि एकूण आकारणी 45 लाखांच्या आत असावी लागते. ती मर्यादा ओलांडली की 5 टक्के. म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या जागी सव्वादोन लाखांहून जास्त. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. बँक या किमतीच्या घराला 80 टक्क्यांपर्यंत कर्ज देते आणि मुद्रांक शुल्काचा खर्च त्यात धरत नाही. साडेतेहतीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 29 हजारांच्या आसपास येतो. ताबा मिळेपर्यंत डोंबिवलीचं भाडं चालूच राहणार. कर्जाची रक्कम टप्प्याटप्प्याने उचलली जाणार असली तरी शेवटच्या काळात दोन्ही मिळून 44 हजार दरमहा जाणार होते. आमच्यापैकी एकाची नोकरी गेली तर एका पगारात हे भागणार नव्हतं.

पैशांचा हिशोब झाल्यावर रोजच्या जगण्याचा हिशोब मांडला. तो करायला आम्ही मुद्दाम पावसाळ्यात गेलो. 26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास नदीने बदलापूरचं काय केलं ते इथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. म्हणून नगरपरिषदेत जाऊन पूररेषेचा नकाशा पाहिला. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमचं संकुल दोन्ही रेषांच्या बाहेर होतं, पण तिथे जाणारा रस्ता सखल होता आणि त्या दिवशी त्यावर गुडघाभर पाणी होतं.

पाण्याची चौकशी मी शेजारच्या इमारतीतल्या बायकांकडे केली. अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी पुरवतं. पण त्यांच्या इमारतीच्या विकासकाने पुरेशी जोडणी घेतलेली नव्हती आणि उन्हाळ्यात टँकर आणावा लागत होता. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला जात होता. ‘‘ताई, टँकर दुपारी येतो, घरात कोणीतरी असायला लागतं,’’ एकीने सांगितलं. आमच्या घरी दुपारी फक्त सासूबाई असतात.

राहिला प्रवास. डोंबिवलीला सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत लवकर पोचलं तर बसायला मिळतं, ही बदलापूरची खरी जमेची बाजू. पण डोंबिवलीला एक गाडी गेली तरी लगेच दुसरी येते. बदलापूरची गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी बराच वेळ उभं राहावं लागतं, आणि संध्याकाळी दादरला बदलापूर किंवा कर्जत गाडीत शिरणं सोपं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या तेव्हा बदलापूरचे प्रवासी विरोध करायला स्टेशनवर एकवटले, त्याचं कारण हेच. इथे एकेका गाडीवर शेकडो घरांचं वेळापत्रक बांधलेलं असतं. त्या संकुलासाठी स्टेशनवर उतरून पुढे शेअर रिक्षा करावी लागणार होती. रात्री रांग मोठी आणि रिक्षा कमी. मी एक संध्याकाळ ऑफिस सुटल्यावर थेट तिथे गेले. पोचायला नऊ वाजले.

घरी आल्यावर सगळ्यांसमोर हे मांडलं. नवरा म्हणाला, ‘‘प्रवास तुझा वाढणार आहे, तर शेवटचा शब्द तुझा.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘मी हॉलमध्ये झोपेन. पण तू रोज रात्री नऊला घरी आलेली मला बघवणार नाही.’’ ज्यांच्या खोलीसाठी आम्ही मोठं घर बघत होतो, त्यांनीच ती खोली सोडली. मला तेव्हा भरून आलं. त्याच रात्री आम्ही ते घर मनातून काढलं.

त्यानंतर फक्त स्टेशनपासून चालत जाता येईल अशी तयार घरं पाहिली. एक बेडरूमचा, दुसऱ्या मजल्यावरचा रिसेलचा फ्लॅट मिळाला. इमारत जुनी, बाग नाही, लिफ्ट नाही. पण इमारत राहण्यायोग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र होतं, सोसायटी नोंदलेली होती, जीवन प्राधिकरणाची जोडणी होती. किंमत 29 लाख आणि भोगवटा प्रमाणपत्र असल्याने जीएसटी नाही. वकिलांनी 30 वर्षांचा टायटल सर्च घेतला. मूळ करारनाम्यापासूनचे सगळे करार, नोंदणीचा इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीची थकबाकी तपासली. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झालेलं नव्हतं. विकासक करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो आणि सोसायटीने तो केलेला होता. त्याची प्रत हातात आल्यावरच आम्ही टोकन दिलं.

एप्रिल 2021 पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आम्ही घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं आणि नवरा कर्जात सहकर्जदार झाला. मालकी नसल्याने त्याला व्याजाची करवजावट मिळणार नव्हती, हे धरूनही आमच्या हिशोबात सवलत जास्त बसत होती. 23 लाखांचं कर्ज, हप्ता 20 हजारांच्या आत. भाडं सुटलं, त्यामुळे दरमहा वाढलेला भार पेलवण्यासारखा आहे.

घर लहान आहे. मुलगी बेडरूममध्ये अभ्यास करते, सासूबाईंचा दिवाण हॉलमध्ये खिडकीशी आहे, पाहुणे आले की अडचण होते. उन्हाळ्यात जिना चढताना सासूबाईंना एकदा थांबावं लागतं. तरीही मी साडेसातला घरात असते आणि पाणी नळाला येतं.

मुंबईच्या टोकाला घर बघणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. दर चौरस फुटाचा भाव बघाच, महारेरा, भोगवटा प्रमाणपत्र आणि टायटल तपासाच. पण टोकन देण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारा, या घरामुळे प्रवास कुणाचा वाढणार, टँकरसाठी कोण थांबणार, जिना कोण चढणार. ज्यांच्यावर हा भार पडणार आहे, त्यांचं मत शेवटचं माना. ते नाही म्हणाले, तर घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.