पुडा तोच, नंबर तोच

धुळ्यात साक्री रोडवर माझं गॅरेज आहे. मागच्या भिंतीला एक लोखंडी मांडणी आहे आणि तिच्यावर कापलेले ऑईल फिल्टर ठेवले आहेत. प्रत्येकाच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने तारीख, गाडी आणि किलोमीटर लिहिलेत. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी पाना देत नाही, हे फिल्टर हातात देतो. म्हणतो, घड्या मोज.

मांडणी सुरू झाली ती एका गिऱ्हाइकामुळे. शिरपूरकडचे शेतकरी. म्हणाले, "भाऊ, सकायले गाडी चालू करी का खडखड करस, मंग थांबी जास." ऑईल पुरेसं होतं, ग्रेड बरोबर होती, टॅपेटही नीट होते. फिल्टर मीच बसवलेला, सहा हजार किलोमीटर झालेले. वर्षानुवर्षं वापरत होतो तीच कंपनी, तोच पार्ट नंबर, तोच पुडा. म्हणून फिल्टरवर माझा संशयच जाईना. शेवटी तो काढला. माळ्यावर त्याच नंबरचा एक जुना कोरा नग पडला होता, तोही घेतला आणि दोन्ही कापले.

आत दोन वेगळ्या वस्तू होत्या. जुन्यात कागदाच्या ५४ घड्या, नव्यात ४१. जुन्यात कागदाच्या दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या, नव्यात पुठ्ठ्याच्या. आणि मुख्य म्हणजे तोंडाशी असलेली रबराची पाकळी. जुन्यातली नारिंगी, सिलिकॉनची, बोटाने दाबली की मऊ. नव्यातली काळी, वाकवली तर कडेला चीर गेली.

ही पाकळी काय करते, ते सांगतो. फिल्टरच्या तोंडाशी कडेने जी बारीक भोकं असतात, त्यांतून तेल आत शिरतं. कागदातून बाहेरून आत गाळलं जातं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनात परत जातं. इंजिन बंद झालं की पाकळी कडेची भोकं झाकते, म्हणून फिल्टर भरलेला राहतो. ती कडक झाली की रात्रभरात तेल चेंबरमध्ये उतरतं आणि सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो. ते काही सेकंद बेअरिंग आणि टॅपेटला पुरतं तेल मिळत नाही. फिल्टर इंजिनाला आडवा बसलेला असेल तर हे हमखास होतं. उभा, तोंड वर करून बसलेला असेल तर फारसं कळतही नाही.

लोक म्हणतात, धुळ्याचं ऊन रबर खातं. पारा ४३-४४ ला जातो हे खरं, पण रबर कडक करतं ते आतलं तेल. भरलेली गाडी लळिंगचा घाट चढते तेव्हा तेल शंभर अंशांपुढे जातं. साधं नायट्राईल रबर या रोजच्या भाजणीत हळूहळू ताठ होतं, सिलिकॉन जास्त टिकतं. रंगावरून मात्र पक्कं ठरवू नये. पाकळी वाकवून बघावी.

फिल्टर ही तशी शंभर वर्षांची वस्तू. अमेरिकेत १९२३ साली स्वीटलँड आणि ग्रीनहाल्ग यांनी मोटारीसाठी तो आणला. आमच्या उस्तादांच्या हाताखाली अँबेसेडर यायची तेव्हा एक लोखंडी वाटी, मधून लांब बोल्ट आणि आत बदलायचा कागद, असा थाट होता. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि अख्खा डबा फिरवून काढायचा फिल्टर खानदेशात घरोघरी पोचला. मग स्विफ्टचं डिझेल इंजिन आलं आणि पुन्हा झाकणातला सुटा कागद परतला. त्याच्या झाकणाची रबरी रिंग दर वेळी नवीन टाकावी लागते. जुनीच ठेवली की तेल पाझरतं, आणि दोष इंजिनाला लागतो.

बदल म्हणजे लबाडीच, असं मी मानत नाही. कागद चोंदला तर तेल अडू नये म्हणून एक बायपास वाल्व असतो, साधारण एक बार दाबाला उघडणारा. पूर्वी बऱ्याच फिल्टरांत तो डब्याच्या बंद टोकाला असे. उघडला की तेल सगळ्या मळावरून वाहत जाऊन तोच मळ घेऊन इंजिनात शिरे. काहींनी तो तोंडाशी आणला, हे चांगलं झालं. पुठ्ठ्याच्या टोप्याही नीट चिकटवल्या असतील तर काम करतात. कागदाच्या आतल्या नळीला गोल भोकांऐवजी चिरा पाडतात, त्यालाही हरकत नाही. पण त्या चिरा अर्धवटच उघडलेले नग मी पाहिलेत. फिल्टरच्या तोंडात बॅटरी मारली तरी त्या दिसतात.

आट्यांचं मात्र जपा. काही इंजिनांना २० मिलिमीटरचे आटे असतात, काहींना पाऊण इंचाचे, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. वीसचा फिल्टर इंजिनाच्या पाऊण इंची आट्यांवर चढतो, पण ढिला बसतो. महामार्गावर तेलाचा दाब वाढला की तो निसटू शकतो, आणि तेल संपायला मग वेळ लागत नाही. हातात किंचित खेळ जाणवला तरी तो नग परत करा. तसंच जुनी गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिली का, हे बोट फिरवून पाहा. दोन गॅस्केट एकावर एक बसल्या की तेल भसाभसा बाहेर येतं.

कापून बघायचं तर हॅक्सॉ वापरू नका. त्याचा कीस कागदात पडतो आणि तो इंजिनाचा आहे की पात्याचा, हे कळत नाही. फिल्टर कापायचं कटर मिळतं. कागद उलगडून पिळा आणि उन्हात धरा. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतरस्त्यांवरून फिरलेल्या गाडीच्या कागदात धातूची चमक दिसली तर आधी एअर फिल्टरचा पाईप तपासा. तो फाटला असेल तर धूळ तिथूनच आत जाते आणि धातू झिजवते.

त्या शेतकरीभाऊंना मी फिल्टर माझ्या खर्चाने बदलून दिला. खडखड बंद झाली.

फिल्टर बनवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आत बदल करा, जरूर करा. पण पाकळीचं रबर बदललं, कागद कमी केला, तर पार्ट नंबरापुढे एक अक्षर वाढवा आणि पुड्यावर छापा. आणि गाडीवाल्यांनो, येत्या सर्व्हिसिंगला जुना फिल्टर गॅरेजात टाकून येऊ नका, तो कापून दाखवायला सांगा.