पाकिटातली किमची
किमची म्हणजे मिठात मुरवलेल्या चिनी कोबीला लाल मिरचीची भरड, लसूण, आले आणि बहुधा खारवलेली मासळी चोळून आंबवलेला कोरियन पदार्थ. हिवाळ्याच्या तोंडाशी घरच्यांनी व शेजाऱ्यांनी मिळून तो घालण्याच्या प्रथेला ‘किमजांग’ म्हणतात आणि दक्षिण कोरियातील या प्रथेला युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. ‘रामयॉन’, म्हणजे झटपट शिजणाऱ्या नूडल्स, तेथे १९६३ पासून बनू लागल्या आणि पुढे किमचीची आंबट-तिखट चव त्यांच्या पाकिटात आली. उकळत्या पाण्यात पडलेला कोबीचा वाळका, चुरगळलेला तुकडा हळूहळू फुगतो, कडांना पारदर्शक होतो आणि त्याच्या शिरा पुन्हा दिसू लागतात. तो पाहताना खाणाऱ्याच्या मनात भुकेसोबत एक अस्पष्ट हुरहुरही जागी होते, कारण ‘ओंगी’ या मातीच्या रांजणात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू जी चव आठवडे घेऊन घडवतात, तिची छाया येथे काही मिनिटांत हाती येते. ही हुरहुर मागे राहिलेल्या घराची असते की कधीच न पाहिलेल्या घराची, हे ठरवणे अवघड आहे. पाकिटातल्या चवीने किमचीची जागा मात्र घेतलेली नाही. कोरियात रामयॉनच्या वाडग्याशेजारी आजही आंबवलेली किमची वाढली जाते.