फलश्रुती नसलेली गाणी

आपल्याकडे स्तोत्र संपलं की फलश्रुती येते. हे म्हटल्याने कोणाला काय मिळेल याची तिथे यादीच असते. गणपतीच्या संकटनाशन स्तोत्रात तर सहा महिन्यांची मुदतसुद्धा दिली आहे. देवाच्या गाण्याकडून काय मागायचं हे आपण बहुधा इथेच शिकतो. शेवटी पदरात काहीतरी पडलं पाहिजे, निदान मनाला समाधान तरी. मला अलीकडे वाटायला लागलंय की कवीने फलश्रुती लिहिलीच नसेल, तरी अर्थ सांगणारे आपण ती आपल्या पदरची जोडून मोकळे होतो. हा संशय पक्का झाला तो काही अमेरिकन गाण्यांमुळे, आणि ती ऐकवली माझ्या भाच्याने.

भाचा पुण्याला शिकतो. सुटीत दिग्रसला आला की त्याच्या इअरफोनची एक बोंडी माझ्या कानात असते. एकदा त्याने सफ्जान स्टिव्हन्स या गायकाचं एक गाणं लावलं. ‘सेव्हन स्वान्स’ या २००४ सालच्या अल्बममधलं. हलका आवाज, फारसा वाद्यमेळ नाही, कोणासोबत तरी एकांत हवा एवढीच मागणी. मध्येच झाडावर चढण्याचा उल्लेख येतो आणि बायबल वाचलेला माणूस सावध होतो, कारण नव्या करारात क्रूसालाही झाड म्हटलेलं आहे. भाच्याने विचारलं, “मामा, हे गाणं देवाचं हाय का पोरीचं?”

खरं तर दिग्रससारख्या गावात हा प्रश्न पडायला नको. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांमध्ये चंदन अंगाला पोळतं, तेव्हा ती बाई कोणासाठी झुरते आहे, असं कोणी विचारत नाही. भजनात अभंगामागून गवळण येते, टाळकरी त्याच ठेक्यात ती उचलतात. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेल्या वऱ्हाडी कानाला देव, देश आणि शेजारधर्म एकाच भजनात ऐकायची सवय आहे. प्रश्न तयार झाला तो अमेरिकेतल्या दुकानदारीने. तिथे ख्रिस्ती संगीत हा वेगळा धंदा आहे. नॅशव्हिल हे त्याचं मोठं केंद्र, त्याची रेडिओ स्टेशनं वेगळी, १९६९ पासून दिले जाणारे ‘डव्ह’ पुरस्कारही वेगळे. गाणं एक तर या फळीवर ठेवायचं, नाही तर त्या. इंडी रॉकवाल्या काही श्रद्धाळू पोरांनी कोणत्याच फळीवर बसायला नकार दिला आणि ऐकणाऱ्यांना कोडं घातलं.

मराठीत ख्रिस्ती गाण्याला हे कोडं फारसं पडलं नाही, कारण ते आलंच मुळी ओवी-अभंगाच्या वाटेने. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ रचलं ते ओवीत. १६१६ साली ते छापून निघालं. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हटलं, गुरू म्हटलं, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगितलं. त्यांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर चालतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यालाही ही परंपरा परकी नाही. आज पुण्यात असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं यवतमाळला होती. देवाला उद्देशून बोलताना माणसाशी बोलल्यासारखं बोलावं, रुसावं, हट्ट धरावा, हे टिळकांना वेगळं शिकावं लागलं नाही. ते मराठीने त्यांना आयतं दिलं होतं.

तेव्हा भाच्याला मी कीर्तनकाराचा रस्ता दाखवला. वारकरी कीर्तनात एक अभंग निरूपणाला घेतात आणि त्याच्या प्रत्येक चरणाला प्रमाण देतात, म्हणजे दुसऱ्या संतांच्या वचनाचा आधार. या गाण्यांनाही प्रमाण शोधता येतं. स्टिव्हन्सच्या त्याच अल्बममध्ये अब्राहामाचं गाणं आहे; त्यासाठी उत्पत्तीचा बाविसावा अध्याय उघडावा. फिलाडेल्फियाच्या ‘मीविदाउटयू’ या बँडने तर चकितच केलं. त्यांच्या २००९ च्या अल्बमचं लांबलचक नाव आणि त्यातल्या प्राण्यांच्या गोष्टी बावा मुहैयद्दीन या तमिळ बोलणाऱ्या सूफी फकिराच्या शिकवणुकीतून आलेल्या आहेत. हे बावा श्रीलंकेतून १९७१ मध्ये फिलाडेल्फियाला गेले; बँडमधल्या वाइस बंधूंचं घर त्यांना मानणारं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना ज्यांनी संतांच्या मेळ्यात बसवलं, त्या आपल्याला यात नवल वाटू नये.

भाच्याला हा खेळ फार आवडला. एकेक संदर्भ सापडला की तो टाळी द्यायचा. पण प्रमाण सापडलं म्हणजे अर्थ लागला असं होत नाही, हे एका गाण्याने दाखवून दिलं.

‘कॅसिमिर पुलास्की डे’ हे ते गाणं, २००५ च्या ‘इलिनॉय’ अल्बममधलं. पुलास्की हा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७९ साली मरण पावलेला पोलिश सेनानी. त्याच्या नावाने इलिनॉय राज्यात मार्चच्या पहिल्या सोमवारी सुटी असते. गाण्यात मात्र त्याची शौर्यकथा नाही. गाणाऱ्याच्या मैत्रिणीला हाडांचा कॅन्सर झाला आहे. मंगळवारी रात्री बायबलच्या अभ्यासाला जमलेली मंडळी हात उंचावून तिच्यासाठी प्रार्थना करतात आणि काहीही होत नाही. दोघांमधली कोवळी ओढ, तिच्या बापाला लागलेला सुगावा, नंतरची लाज, हे सगळं बारीकसारीक तपशिलांत येतं. मग मार्चच्या त्या सुटीच्या दिवशी ती जाते. गाणारा देवाचा महिमा गातो, आपल्याबद्दल त्याने केलेल्या त्यागाचीही आठवण काढतो, आणि शेवटी देव नेतो, नेतो, नेतच राहतो एवढंच म्हणत थांबतो. पुढे वाद्यं वाजतात, पण शब्द नाहीत.

याचं प्रमाण मला ईयोबाच्या पुस्तकात दिसतं. मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गेल्यावर ईयोब जे बोलतो त्याचे तीन भाग आहेत: देवाने दिलं, देवाने नेलं, देवाचं नाव धन्य. सांत्वनाला आलेला माणूस तिसऱ्या भागाकडे धावतो. स्टिव्हन्स दुसऱ्यावरच उभा राहतो. त्याला तिसरा भाग ठाऊक नाही असं नाही, महिमा त्याने आधीच गायला आहे. तरीही त्याने गाणं तिथे संपवलं नाही.

इथेच अर्थ सांगणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. श्रद्धावान म्हणतात, एवढ्या दुःखातही त्याने देव सोडला नाही, पाहा. नास्तिक म्हणतात, त्याचा भ्रम फिटला, पाहा. मला दोघंही एकच काम करताना दिसतात. गाण्याला शेवट नाही म्हणून दोघंही आपापली फलश्रुती त्याला चिकटवतात. एकाची गोड, दुसऱ्याची कडू.

असा उघडा शेवट काही गिटारवाल्यांनी शोधून काढलेला नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रं पुष्कळ आहेत आणि बहुतेक शेवटाकडे आशेवर येतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र येत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. संपादकांनी कधीतरी त्याला चार आशेच्या ओळी जोडल्या असत्या तर कोणी अडवलं असतं? पण शेकडो वर्षं ते तसंच वाचलं गेलं. आपल्याकडे तुकोबांनी एका अभंगात देव आपल्यापुरता मेला असं सांगून टाकलं, आणि तो अभंग गाथेतून कोणी काढला नाही. ‘पेड्रो द लायन’ या बँडचा गायक डेव्हिड बझान श्रद्धा गमावल्यावरही, २००९ च्या ‘कर्स युवर ब्रांचेस’मध्ये, देवाशी भांडतच राहिला. भांडण चालू आहे तोवर दुसरी बाजूही हजर आहे, असं मला वाटतं. पण हे माझं वाटणं झालं. ते बझानच्या तोंडी घालायचा मला हक्क नाही.

हा विचार मला नुसता गाण्यांपुरता वाटत नाही. आमचा जिल्हा कापसाइतकाच शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशाला माहीत आहे. पाऊस दगा देतो, दुबार पेरणी होते, बोंडअळी येते, आणि एखाद्या घरात भजनी मंडळ तेरवीला बसतं. भजन चालू असतं तोवर ठीक असतं, कारण अभंगाला रडता येतं. अवघड होतं ते नंतर, चहाच्या वेळी. कोणीतरी म्हणतं, देवाच्या मनात होतं. दुसरा म्हणतो, गेल्या जन्मीचं देणं फिटलं. हे लोक वाईट नसतात. शांतता त्यांना सोसत नाही, इतकंच. पण त्या घरातल्या बाईच्या दुःखाला परस्पर अर्थ लावून ते उठून जातात आणि तो अर्थ तिला वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो.

भाच्याला आता मी एवढंच सांगतो की गाण्यातले संदर्भ जरूर शोध, पवित्र शास्त्र उघड, गाथा उघड, गाणारा कोणाशी बोलतोय ते कान देऊन ऐक. देव की पोरगी, हेही ठरव हवं तर. पण जिथे गाणारा थांबला तिथे आपणही थांबावं. त्याने न मागितलेलं समाधान त्याच्या गाण्यातून काढणं म्हणजे अर्थ लावणं नव्हे, ती आपली स्वतःची सोय आहे.